येरवड्यातील कथन आणि न ऐकलेली भाषा

वसाहतवादाने हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांवरील माणसे एका मळ्यात, एका कायद्याखाली आणून उभी केली. त्यांच्या कथा मात्र परस्परांपासून दूरच राहिल्या. या दुराव्याची साक्ष देणारा एक महत्त्वाचा ग्रंथ येरवड्याच्या तुरुंगात आकारास आला. नोव्हेंबर १९२३ मध्ये गांधींनी तेथे ‘दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाचा इतिहास’ सांगावयास आरंभ केला. सहबंदी इंदुलाल याज्ञिक यांनी त्याची सुरुवातीची प्रकरणे गुजरातीत लिहून घेतली.

मुख्यतः स्मरणावर विसंबलेले हे निवेदन मौखिक कथनाचेच एक रूप होय. १८६० पासून नाताळात नेलेला गिरमिटिया वसाहतीच्या दप्तरात केवळ मजूर होता. येथे तो इतिहासाचा कर्ता होतो. सत्तेच्या तुरुंगातच सत्तेच्या दप्तराला दिलेले हे उत्तर आहे.

परंतु हेच निवेदन झुलूंकडे वळते तेव्हा त्याचा स्वभाव पालटतो. प्रारंभीच्या प्रकरणात झुलूंची शरीरयष्टी, घरे, चालीरीती यांचे कौतुकमिश्रित वर्णन येते. त्यांच्या भाषेचे माधुर्य, शब्दांती येणारा ‘आ’कार, तिच्यातील काव्य यांचाही उल्लेख येतो, मात्र हे काव्य ऐकीव माहितीवरचे. झुलू कथा वा गीत तेथे एकही नाही. झुलू हा वर्ण्यविषय राहतो, निवेदक होत नाही. १९०६ च्या झुलू उठावातील जखमींची शुश्रूषा याच ग्रंथात सहृदयतेने वर्णिली आहे. पण तेथेही भाषेअभावी हावभाव आणि डोळेच बोलतात, आणि त्यांचा अर्थ गांधीच सांगतात.

हे मौन झुलू भाषेचे नव्हते. गांधी येरवड्यात आले त्याच वर्षी, १९२२ मध्ये, मगेमा फुझे यांचा ‘अबांतु अबम्न्यामा’ हा झुलू भाषेतील इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. बिशप कोलेन्सो यांच्या मिशनमध्ये अक्षरओळख होऊन मुद्रक झालेले फुझे सेंट हेलेना बेटावर हद्दपार केलेल्या राजा दिनुझुलूंच्या सहवासात राहिले होते. वाडवडिलांकडून चालत आलेल्या कथा त्यांनी मिशनच्याच लिपीत ग्रथित केल्या.

म्हणून ‘देशी’ आणि ‘वासाहतिक’ अशी सरळ विभागणी येथे अपुरी पडते. फुझे यांचे देशीपण वसाहतीच्या छापखान्यातून वाट काढते. गांधींचा वसाहतविरोध वसाहतीनेच आखलेल्या सीमेपाशी थबकतो. मराठी समीक्षेतील देशीवादाने आपल्या भूमीतील कथनाला प्रतिष्ठा दिली. मात्र त्याच वसाहतीत शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या देशी माणसाचे कथन आपण ऐकतो काय, हा प्रश्न त्याने स्वतःला क्वचितच विचारला. येरवड्यातील ग्रंथाची थोरवी मान्य करूनच तो विचारावा लागेल. कारण वसाहतवादाचा वारसा राज्य संपल्याने संपत नाही, तो कोणाला निवेदक मानले जाते यातही टिकून राहतो.