भाऊबंदांचे दोन सॅक्सोफोन

लग्नसराईच्या दिवसांत आमच्या मार्केट यार्डाच्या रस्त्यानें वरात निघाली, म्हणजे भाजीच्या मालमोटारींच्या गोंगाटावरहि बँडाचा सूर मात करितो. त्या ताफ्यांत कधीं क्लॅरिनेटाशेजारीं सॅक्सोफोनहि असतो, आणि त्यावर सिनेमांतलें एखादें गाणें चाललेलें असतें. या वाद्याशीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांची ओळख बहुधा येथेंच सुरू होते व येथेंच संपते. त्यांत राग मावेल काय, हा प्रश्न आपल्या मनांत येतच नाहीं. ज्या ध्वनिमुद्रिकेनें तो आमच्यापुढें उभा केला, तिच्याविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

न्यूयॉर्कच्या पाय रेकॉर्डिंग्ज या लहानशा स्वतंत्र संस्थेनें २००८ सालीं ‘किन्समेन’, म्हणजे भाऊबंद, ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तींतील वडील वादक कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) हे दक्षिण कानडा जिल्ह्यांतले, नागस्वरवादकाचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्यांतील बँडामुळें त्यांस सॅक्सोफोनाचा छंद लागला, व पुढें त्यांनीं त्यावर कर्नाटक संगीत प्रतिष्ठित केलें. १९८० सालीं मुंबईच्या जॅझ महोत्सवांत अमेरिकन वादक जॉन हँडी यांनीं त्यांच्याबरोबर वाजविण्याची इच्छा दर्शविली होती. धाकटे वादक रुद्रेश महंतप्पा. आईबाप कर्नाटकांतले, जन्म १९७१ चा, बालपण अमेरिकेंतील कोलोरॅडोंत, आणि तालीम सारी जॅझची. ‘सॅक्सोफोन इंडियन स्टाइल’ ही गोपालनाथांची ध्वनिमुद्रिका भावानें थट्टेनें त्यांच्या हातीं ठेविली. एरवीं थट्टेची कुस्करी होते. येथें तिची दीक्षा झाली.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानें १८४६ मध्यें ज्याचें पेटंट घेतलें, तें हें किल्ल्यांचें वाद्य. किल्ल्या ठराविक स्वर देतात. रागाला मात्र स्वरास्वरांमधली वाटहि लागते. पेटीवर असलाच आक्षेप घेऊन आकाशवाणीनें १९४० पासून सुमारें तीस वर्षें तिला बाहेर ठेविलें होतें. पण पेटीची पट्टी एकदां दाबली, कीं स्वर वादकाच्या हातून सुटला. सॅक्सोफोनाचा स्वर शेवटपर्यंत ओठांच्या व श्वासाच्या ताब्यांत राहतो. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं ब्लूज गायनांत कोमल व शुद्ध गांधारांच्या मधला एक डळमळता स्वर जपला, आणि सॅक्सोफोनवाल्यांनीं तो ओठांनीं काढला. गोपालनाथांनीं गमकें काढलीं, तींहि त्याच मार्गानें. आमच्या मतें या दोघांचें खरें नातें कानडी रक्ताचें नसून या कष्टांचें आहे.

‘कल्याणी’ ही चीज मुद्दाम ऐकावी; कर्नाटकांतील कल्याणी म्हणजे आपला यमन. गोपालनाथांचा स्वर ओला व सतत हलणारा. महंतप्पांचा कोरडा, धारदार, घाईनें कोपरे घेणारा. दोघांचें वाद्य एकाच जातीचें, ऑल्टो, असूनहि कोण केव्हां वाजवितो हें नवख्यासहि ओळखतां येतें. भाऊबंद म्हटले कीं भाऊबंदकी आलीच. ती झांकण्याचा प्रयत्न येथें कोणीं केलेला नाहीं, हाच आम्हांस या कृतीचा मोठा गुण वाटतो. एरवीं अशा मिश्रणांत तबला खालीं घालावयाचा, पाश्चात्य चाल वर ठेवावयाची व त्यास संगम म्हणावयाचें, असा प्रघात पडला आहे. ए. कन्याकुमारी यांचें व्हायोलिन आणि रेझ अब्बासी यांची गिटारहि येथें आपापल्या भाषेंतच बोलतात.

दोष नाहींत असें नव्हे. पूवालूर श्रीजी यांचा मृदंग व रॉयल हार्टिगन यांचे ड्रम एकदम भरांत आले, म्हणजे लयीचे बारकावे गर्दींत हरवतात. मधूनमधून योजिलेले एकेकाचे आलाप तर इतक्या थोडक्यांत आटोपतात, कीं रागाची मूर्ति उभी राहते न राहते तोंच पडदा पडतो. पुण्याच्या बैठकींत वाढलेल्या श्रोत्यास ही घाई खटकल्याखेरीज राहणार नाहीं.

तरीहि ज्यांना यमन घरचा वाटतो, त्यांनीं ही ध्वनिमुद्रिका एकदां तरी अवश्य ऐकावी. आम्हांपुरतें सांगावयाचें, तर दारावरून वरात गेली कीं आम्ही पूर्वीं खिडकी लावून घेत असूं. आतां त्या बँडवाल्याचा एखादा लांबलेला स्वर ऐकण्यासाठीं ती उघडी ठेवितों.