लिनक्स कर्नलमधील पोर्ट-प्रवेशाचे सशर्त कंपायलेशन : एक चिकित्सा

अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय २००९ साली सुरू झाले. तेथील काय किंवा पुणे विद्यापीठाच्या परिसरातील अन्य महाविद्यालयांतील काय, संगणकाच्या विद्यार्थ्यास पोर्ट ही संकल्पना प्रथम भेटते ती इंटेलच्या ‘इन’ व ‘आउट’ या आज्ञांतून. पोर्ट म्हणजे संगणकाचा स्वाभाविक अवयवच, असा समज त्यातून दृढ होतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी लिनक्समधील एका बदलाच्या आधारे केली आहे.

एक्स८६ प्रोसेसरमध्ये पोर्टसाठी मेमरीहून वेगळे असे ६५,५३६ पत्त्यांचे क्षेत्र असते. पहिला सिरियल पोर्ट त्यातील १०१६ या पत्त्यावर. आयबीएमच्या एस/३९० मेनफ्रेममध्ये असे क्षेत्रच नाही. तरीही लिनक्सच्या सामाईक हेडर फाइलमध्ये ‘इनबी’, ‘आउटबी’ ही फंक्शन्स सर्वांसाठी उपलब्ध होती. आधारपत्ता दिलेला नसेल तर तो शून्य धरला जाई. म्हणजे १०१६ क्रमांकाचा पोर्ट मागणारा ड्रायव्हर मेमरीच्या १०१६ व्या पत्त्यावर जाऊन धडकणार, आणि कंपायलरचा मात्र त्यास होकार! क्लँग कंपायलरने शून्य पॉइंटरवरील अंकगणिताबद्दल इशारे दिले, तेव्हा हे वैगुण्य उघडे पडले.

आयबीएमचे निकलास श्नेले यांनी २०२१ मध्ये प्राथमिक प्रस्ताव मांडला. ‘हॅज आयओपोर्ट’ हा पर्याय २०२३ मध्ये कर्नलमध्ये आला आणि एकेक ड्रायव्हर त्याच्या कक्षेत आणल्यावर २०२४ अखेर सामाईक पर्यायी फंक्शन्स काढली गेली. आता पर्याय बंद असता ‘इनबी’ची केवळ घोषणा उरते, तिला केलेली हाक कंपायलरच्या छाटणीनंतरही शिल्लक राहिली तर कंपायलेशनच थांबते. त्यामुळे प्रत्येक हाकेभोवती ‘इफडेफ’चे कुंपण घालावे लागत नाही, साधी ‘इफ’ची अटही पुरते. मूक चूक बोलकी करणारी ही योजना निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. हा पर्याय प्रश्न विचारतो तो प्रोसेसरच्या कुळाला, समोरच्या यंत्राला नव्हे. ६४-बिट आर्म कुळात पोर्ट-आज्ञा नाहीत. परंतु पीसीआयचे पोर्ट मेमरीच्या खिडकीतून दिसू शकतात, म्हणून तेथे पर्याय चालूच असतो. विद्यार्थ्याच्या हातातील छोट्या आर्म बोर्डावर त्या खिडकीमागे काहीच नसेल, तरी जुना ड्रायव्हर बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालविताना कर्नल कोसळू शकते. रिस्क-५ मध्येही, मेमरी व्यवस्थापन एकक असल्यास, स्थिती हीच. सी-डॅकने विकसित केलेले ‘वेगा’ प्रोसेसर याच रिस्क-५ आज्ञासंचावर आधारलेले आहेत, तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशी मेनफ्रेमचा राहत नाही. कंपायलेशनच्या वेळी जे कळूच शकत नाही ते चालताना तपासावे लागेल, आणि ती जबाबदारी आजही ड्रायव्हर लिहिणाऱ्यावरच आहे.