राखीव शब्दांची टक्कर: नाव कुणी बदलायचं?

सिंगापूरमध्ये एचडीबी म्हणजे तिथलं सरकारी गृहनिर्माण मंडळ. त्याच्या फ्लॅटची पुनर्विक्री किती किमतीला झाली, याचे १९९० पासूनचे तक्ते सरकारी खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतात. तो तक्ता एकदा उघडून रकान्यांची नावं वाचा: मंथ, टाउन, फ्लॅट_टाइप, ब्लॉक, स्ट्रीट_नेम, फ्लॅट_मॉडेल, रीसेल_प्राइस... नुसतं ‘टाइप’ किंवा नुसतं ‘मॉडेल’ कुठेही नाही. ही नावं ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते राहू द्या. पण ‘फ्लॅट_’ एवढ्या उपसर्गाने पुढच्या प्रोग्रामरची एक दुपार वाचते.

ती कशी, ते बघा. समजा रकान्याचं नाव नुसतं ‘टाइप’ आहे आणि त्यात ‘३ रूम’ अशी नोंद आहे. या तक्त्यावर तुम्ही रेल्समध्ये मॉडेल उभं केलंत. सगळं ठीक वाटतं. मग पहिली ओळ वाचायला जाता आणि प्रोग्राम कोसळतो. कारण रेल्सच्या लेखी ‘टाइप’ म्हणजे वारसदार क्लासचं नाव. तो ‘३ रूम’ नावाचा क्लास शोधत बसतो. चूकसंदेश मात्र प्रामाणिक आहे: हा शब्द राखीव आहे, रकान्याचं नाव बदला.

माझा आक्षेप या सल्ल्याला आहे. नवा तक्ता असेल तर नाव बदलणं सोपं. पण तक्ता आधीपासून जगात फिरत असेल तर? त्या नावावर कुणाची एक्सेल शीट, कुणाचा प्रबंध, कुणाची स्क्रिप्ट उभी असते. प्रसिद्ध झालेलं नाव हा एक करार असतो. तो मोडायला सांगण्याआधी साधनाने आपल्या बाजूने काय करता येईल ते बघायला हवं. रेल्समध्येच तशी सोय आहे: वारशासाठीचा रकाना दुसरा ठरवता येतो किंवा ती यंत्रणा बंद करता येते. एका ओळीचं काम! संदेशाच्या शेवटी या उपायाचा उल्लेख येतोही, पण पहिला सल्ला नाव बदलण्याचाच.

‘राखीव शब्द’ म्हणून आपण जे एकत्र मोजतो, ते खरं तर तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिला डेटाबेसचा: ऑर्डर, ग्रुप, यूजर. यावर औषध म्हणजे नाव अवतरणात टाकणं. दुसरा फ्रेमवर्कचा: वरचा ‘टाइप’, किंवा एसक्यूएलअल्केमीच्या डिक्लरेटिव्ह पद्धतीतला ‘मेटाडेटा’. इथे अवतरण काही कामाचं नाही; कोडमधलं नाव वेगळं ठेवून ते मूळ रकान्याशी जोडावं लागतं. तिसरा प्रोग्रामिंग भाषेचा: पायथनमध्ये ‘क्लास’. तिन्हींना ‘नाव बदला’ हे एकच चूर्ण देणं म्हणजे निदान न करताच औषध देणं.

पहिल्या प्रकारात नुसतं कोसळणं हे नशीबच म्हणायचं. पोस्टग्रेसमध्ये तक्त्यात ‘यूजर’ नावाचा रकाना असेल आणि तुम्ही तो अवतरणाशिवाय मागितलात, तर कुठलीच चूक दिसत नाही. प्रत्येक ओळीत डेटाबेसला जोडलेल्या खात्याचं नाव येतं. उत्तर मिळतं, पण चुकीचं.

यावर काही जण म्हणतात, राखीव शब्दांची यादी जनरेटरमध्ये भरून ठेवा. यादी हवीच, पण तिच्यावर विसंबू नका. मायएसक्यूएल ८.० हे २०१८ मध्ये आलं आणि रँक, ग्रुप्स, सिस्टम हे शब्द राखीव झाले. २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ मध्ये ‘सिस्टम’ नावाचा तक्ताच होता. काल निर्दोष असलेलं नाव आज गुन्हेगार! म्हणून डेटाबेसकडे जाणारं प्रत्येक नाव, राखीव असो वा नसो, जनरेटरने अवतरणातच पाठवावं. जँगो ते करतो.

जँगोचं आणखी एक काम कौतुकाचं आहे. त्याची ‘इन्स्पेक्टडीबी’ ही आज्ञा जुन्या तक्त्यावरून मॉडेल लिहून देते. ‘क्लास’ नावाचा रकाना भेटला की ती कोडमध्ये ‘क्लास_फील्ड’ करते, मूळ नाव ‘डीबी_कॉलम’मध्ये जपते आणि नाव का बदललं ते शेजारी टिपणीत लिहिते. तक्त्याला हात लागत नाही. बरोबर.

पण पुढे काय होतं? समजा सिंगापूरमधल्या मराठी मुलांच्या वर्गाची नोंदणी याच मॉडेलवर चालली आहे. जँगो फॉर्मवरचं लेबल फील्डच्या नावावरून बनवतो. पालकांपुढे येतं: ‘क्लास फील्ड’. एखादी आजी नातवाचा फॉर्म भरताना विचारणारच, ‘अगं, हे मैदानाचं नाव विचारतायत का?’ पायथनची अडचण आजीच्या फॉर्मपर्यंत पोहोचली. जनरेटरला मूळ शब्द माहीत होता. लेबल म्हणून तोच लिहिला असता तर एका ओळीत भागलं असतं. टिपणी आहे खरी, पण ती आजी वाचणार नाही, आणि घाईत प्रोग्रामरही वाचत नाही.

जनरेटर हा दुभाषा आहे. दुभाष्याला एखादा शब्द आपल्या भाषेत चालत नसेल, तर तो बोलणाऱ्याला ‘तुमचा शब्द बदला’ असं सांगत नाही. आपल्यापुरता पर्याय शोधतो आणि पलीकडे मूळ अर्थच पोहोचवतो.

तुम्ही असं साधन वापरत असाल, तर तयार झालेली फाइल डेटाबेसवर चालवण्याआधी एकदा वाचा. नाव बदललं कुठे, मूळ नावाशी जोडलेलं आहे का आणि पडद्यावर काय दिसणार, या तीन गोष्टी तपासा. हाताने केलेली दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी जनरेटर ती पुसून टाकेल. आणि तुम्ही स्वतः जनरेटर लिहीत असाल, तर इशारा टिपणीत पुरून ठेवू नका. आज्ञा चालवणाऱ्याच्या पडद्यावर तिथल्या तिथे दाखवा.