मोझेकमधील चुन्याचा मसाला : ग्रंथप्रामाण्य, आकडा आणि संवर्धनाचा विवेक

प्रस्तावना

मोझेक म्हणजे रंगीत दगड, काच वा भाजलेली माती यांचे लहान तुकडे एकमेकांलगत बसवून साकारलेली चित्ररचना होय. या कलेची समीक्षा करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने चित्रविषय व शैली यांवर केंद्रित झालेले दिसते. तथापि, हे तुकडे ज्या चुन्याच्या मसाल्यात बसविलेले असतात तोही कलाकृतीचाच घटक आहे. संवर्धनासाठी त्याचा अभ्यास करताना ग्रंथवचन व प्रयोगशाळेतील आकडा यांवर कितपत विसंबावे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ग्रंथप्रामाण्याची मर्यादा

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात फरसबंदीची रीत सांगितली आहे. तळाशी मुठीएवढे दगड. त्यावर तीन भाग खडी व एक भाग चुना यांचा, धुम्मसाने ठोकून किमान सुमारे २२ सेंटिमीटर केलेला थर. आणि त्यावर तीन भाग खापरीचा चुरा व एक भाग चुना यांचा किमान सुमारे ११ सेंटिमीटरचा थर, असा तो क्रम आहे. आपल्याकडील चुना-सुरखी जाणणाऱ्या वाचकास या वरच्या थराचे मर्म सहज उमगेल. योग्य रीतीने भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी संयोग पावते व मसाला ओलाव्यातही घट्ट होतो.

परंतु उत्खननांत सापडलेल्या अनेक फरशांत हे सर्व थर वा ही जाडी आढळत नाही. शिवाय, तुकडे प्रत्यक्ष ज्या पातळ थरात रुतलेले असतात, त्याचे स्वतंत्र प्रमाण व्हिट्रुव्हिअस देत नाही. त्याचे विवेचन जमिनीपुरते असल्यामुळे, रॅव्हेना येथील इ.स. ५४७ मध्ये अभिषिक्त झालेल्या सान व्हिताले चर्चमधील भिंतींवरच्या मोझेकला ते मापदंड म्हणून लावणे गैर ठरते. ग्रंथ प्रश्न सुचवितो. उत्तर मात्र वस्तूतच शोधावे लागते.

आकड्याची मर्यादा

नमुना आम्लात विरघळवून चुना व भरड यांचे प्रमाण काढण्याची पद्धत सोपी असल्याने रूढ झाली. मात्र भरडीत चुनखडक वा संगमरवराचा चुरा असल्यास तोही आम्लात विरघळतो आणि चुन्याच्या खाती जमा होतो. असे प्रमाण काटेकोर भासले तरी फसवे असते. म्हणून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे स्वरूप, छिद्रे व थरांमधील सांधे पाहणे अगत्याचे ठरते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ घटकांचे प्रमाण कळल्याने दुरुस्तीचा मसाला ठरत नाही. तो मूळ मसाल्याहून अधिक कठीण नसावा, त्याने बाष्पाची वाट अडवू नये आणि पुढे तो काढता यावा. अँटिऑक येथे १९३२ ते १९३९ या काळात उत्खनन झालेली अनेक मोझेक उचलून सळईयुक्त काँक्रीटवर बसविली गेली व दूरच्या संग्रहालयांत पोहोचली. काँक्रीटमुळे वजन वाढते. ओलाव्याने सळई गंजून फुगते व पृष्ठभागास तडे जातात. सिमेंटमधील विद्राव्य क्षार तुकड्यांच्या सांध्यांत स्फटिकरूप घेतात. ज्या उपायास बळकटी मानले गेले, तोच अपायाचे कारण ठरू शकतो.

हरपणारा पुरावा

मोझेक उचलताना सहसा तुकड्यांचा पृष्ठभागच वाचविला जातो. खालचे थर खरवडून टाकले जातात. तुर्कस्तानातील झ्यूग्मा येथे २००० साली बिरेजिक धरणाचे पाणी चढत असताना मोझेक उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशी निकड नसेल तेथे मात्र मोझेक जागीच राखणे श्रेयस्कर होय. उचलणे अटळ असल्यास प्रत्येक थराची जाडी, क्रम व नमुना आधी नोंदविला पाहिजे. अन्यथा कारागिराच्या ज्ञानाचा एकमेव दस्तऐवज नष्ट होतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, मसाल्याचा अभ्यास म्हणजे जुनी कृती शोधून तिची नक्कल करणे नव्हे. मसाला कसा घडला, कसा टिकला आणि कशाने खचला, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय विश्लेषणाचा तक्ता संवर्धनास उपयोगी पडत नाही. ग्रंथ, आकडा आणि प्रत्यक्ष थर यांत विसंगती दिसल्यास अंतिम प्रामाण्य थरालाच द्यावे लागेल.