मृताचे डोळे

गास्पार नोए यांचा ‘एंटर द व्हॉइड’ (२००९) हा चित्रपट मरणोत्तर प्रवास दाखवूं पाहतो. टोकियोंत पोलिसांच्या गोळीनें ऑस्कर मरतो. पुढें कॅमेरा हेच त्याचे डोळे. छपरांवरून, रंगीत दिव्यांच्या झगमगाटांतून तो बहिणीभोंवतीं घुटमळतो. बालपणीं तिला दिलेलें वचन त्याला सुटूं देत नाहीं. ही ममत्वाची ओढ आम्हांस खरी वाटली. परंतु चित्रपटानें ज्याचा आधार घेतला, तो तिबेटी ‘बार्दो थोडोल’ मृताला वाचून दाखवावयाचा ग्रंथ. ऐकून त्यानें मुक्त व्हावें, हा त्याचा हेतु. येथें मृताला कोणीच कांहीं ऐकवीत नाहीं. म्हणून आमचे डोळे दिपतात, पण ऑस्करला उमज पडत नाहीं. आमच्या मतें, एवढ्या कल्पक कृतीचें हेंच मोठें उणें होय.