दोन गटांची शाळा, आणि मधली मुलं?

शाळा-कॉलेजातल्या मुलांवर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर पेनेलोपी एकर्ट यांचं 'जॉक्स अँड बर्नआउट्स' (1989) वाचाच. फक्त हातात पेन्सिल घेऊन वाचा. पुस्तक भारी आहे, आणि त्यात एक गोची पण आहे. दोन्हींतून शिकता येतं.

एकर्ट भाषाशास्त्रज्ञ. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेत, डेट्रॉइटच्या उपनगरातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये दीर्घकाळ क्षेत्रकार्य केलं. पुस्तकात शाळेचं टोपणनाव 'बेल्टन हाय'. तिथल्या मुलांच्या तोंडी दोन शब्द सतत असत. जॉक्स म्हणजे नुसते खेळाडू नव्हेत. स्टुडंट कौन्सिल, होमकमिंग, प्रॉम अशा सगळ्या परंपरा अंगावर घेणारी मुलं. बर्नआउट्सना यात रस नव्हता. त्यांची दोस्ती शेजारपाजारची, लहान-मोठ्या सगळ्या वयांची. पुढचं कामही त्याच परिसरात, अंगमेहनतीचं.

शिक्षकांच्या नजरेत बर्नआउट म्हणजे शाळेबद्दल आपुलकी नसलेला पोरगा. एकर्ट हा समज उलटा करतात. प्रॉमची कमिटी चालवणं, पदासाठी निवडणूक लढवणं, वरच्यांशी जुळवून घेणं ही कॉलेज आणि ऑफिसच्या आयुष्याची तालीमच आहे, असं त्या म्हणतात. ज्याला त्या रस्त्याने जायचंच नाही, त्याने ती तालीम नाकारली तर त्यात आळस कुठला? जॉक्स बरेचसे मध्यमवर्गीय घरांतले, बर्नआउट्स बरेचसे कामगार घरांतले. अपवाद दोन्हीकडे होते. म्हणजे शाळा सगळ्यांना एकच परंपरा देते, पण तिचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. पुस्तकाचा खरा जीव या युक्तिवादात आहे.

आता गोची. या शाळेत जीन्सच्या पायाची रुंदीसुद्धा गट सांगायची. बर्नआउट्स रुंद बेलबॉटम घालत, जॉक्स अरुंद पायाची. एकर्ट यांनी शाळेत फिरून कुठे कोणती जीन्स दिसते याची मोजदाद केली. बर्नआउट्सच्या अंगणात रुंद, जॉक्सच्या जागेत अरुंद, आणि मधल्या जागांमध्ये मधली. साधी, स्वस्त आणि अफलातून पद्धत! पण ही नोंद नीट पाहा. ती दोन डबे दाखवत नाही, उतार दाखवते. शाळेतली बहुसंख्य मुलं स्वतःला 'इन-बिटवीन', म्हणजे मधली, म्हणवत. हे एकर्ट स्वतःच सांगतात. तरी पुस्तकाचं नाव आणि बहुतेक पानं दोन टोकांनाच मिळतात.

एकर्ट यांची बाजूही ऐकायला हवी. मधली मुलं स्वतःची ओळख त्या दोन टोकांच्या संदर्भातच सांगत, म्हणून टोकं महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं. ते पटतं, पण अर्धंच. टोकांवरून मोजमाप होतं हे खरं. मधल्या मुलीचा दिवस कसा जातो, ती एखाद्या क्लबात जाऊन दुसरा का टाळते, हे त्यातून कळत नाही. ज्यांची संख्या जास्त त्यांच्याबद्दलच आपल्याला कमी कळावं, ही पुस्तकाची उणीव आहे.

तुमच्या प्रस्तावात हे कसं वापराल? मुलांनी दिलेली नावं जरूर घ्या. आपल्याकडचं 'बॅकबेंचर' घ्या, 'स्कॉलर' घ्या. पण ते नाव कोण, कुणाला, कधी लावतं हे आधी लिहून काढा. नमुना निवडताना ज्यांना कुठलंच नाव चिकटत नाही, त्यांच्यासाठी मुलाखती राखून ठेवा. गॅदरिंगवर अभ्यास करणार असाल, तर स्टेजवरच्यांइतकाच वेळ त्या दिवशी शाळेत न आलेल्यांना द्या. गाइड विचारतील, "न आलेल्यांना शोधणार कुठे?" याचं उत्तर क्षेत्रकार्याच्या आराखड्यात आधीच असू द्या.