इथेनॉलचा आराखडा वाचताना

नाशिक जिल्ह्यातल्या पुष्कळांना मनमाडजवळचे पानेवाडी ठाऊक आहे ते तिथल्या पेट्रोलच्या टाक्यांमुळे. मुंबईहून वाहिनीने आलेले इंधन येथे साठवले जाते आणि टँकरमधून दूरदूर जाते. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून विकण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प केंद्र सरकारने २००१ साली सुरू केले. मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळचे आंवला ही ती तीन ठिकाणे. आज देशभर जे २० टक्के मिश्रण विकले जाते, त्याच्या अगदी आरंभीच्या ठिकाणांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातले आहे.

यातली एक गंमत इतिहास शिकवणाऱ्यांनाही आवडेल. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी आपल्याकडे एक राष्ट्रीय कायदा होता : १९४८ चा भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा. साखर कारखान्यांच्या मळीपासून होणारे अल्कोहोल इंधन म्हणून वापरले जावे आणि त्या उद्योगाची वाढ केंद्राच्या देखरेखीखाली व्हावी, हा त्याचा हेतू. तो पुढे निव्वळ कागदावर राहिला आणि २००० साली संसदेने तो रद्द केला. त्यानंतर एका वर्षाच्या आत-बाहेर मनमाडला मिश्रण सुरू झाले! कायदा गेला आणि मिश्रण आले. १ जानेवारी २००३ पासून ते नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत नेण्यात आले. पण गाडी पुढे सरकेना. २०१३-१४ मध्येही देशाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच होते. नंतर २०१८ चे जैवइंधन धोरण आले. उसाचा रस, 'बी-हेवी' मळी आणि खराब धान्य यांपासून इथेनॉल करायला त्यात मुभा मिळाली.

आम्ही येथे ज्याचे परीक्षण करणार आहोत ती वस्तू कायदा नाही, अहवाल आहे. नीती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालय यांच्या तज्ज्ञ समितीने तयार केलेला '२०२०-२५ साठी इथेनॉल मिश्रणाचा आराखडा' ५ जून २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणण्याचे वेळापत्रक त्यात आहे. कायदा करताना विधेयक येते, कलमावर कलम चर्चा होते. येथे ते काही झाले नाही. धोरण, अधिसूचना आणि असा एक अहवाल यांच्या बळावर कोट्यवधी वाहनांच्या टाकीतला पदार्थ बदलला. जो अहवाल कायद्याचे काम करतो, तो कायद्याइतक्याच कडक नजरेने वाचला पाहिजे, असे आम्हांला वाटते. शिवाय हा अहवाल अकरावी-बारावीच्या मुलांना कळेल अशा गणितावर उभा आहे, त्यामुळे वर्गात वाचायला तो उत्तम.

आधी त्याची जमेची बाजू. इंजिनाच्या बाबतीत हा अहवाल प्रामाणिक आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो. त्याच्या वजनाचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग ऑक्सिजनचाच, आणि तो काही जळून उष्णता देत नाही. मग २० टक्के मिश्रणात प्रति लिटर ऊर्जा किती घटेल? मुलांना करू द्यावे : ३२ मधून ११ गेले, त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे २.२, ३२ च्या तुलनेत जवळजवळ ७ टक्के. मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ६-७ टक्के घटेल, तशाच दुचाकींचे ३-४ टक्के आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांचे १-२ टक्केच, असे अहवाल स्पष्ट सांगतो. नव्या गाड्यांत घट इतकी कमी का? इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा आहे. इंजिनातला दाब आणि ठिणगीची वेळ त्यानुसार बदलली, तर गेलेल्यापैकी बरेच परत मिळते. रबराचे आणि धातूचे कोणते भाग बदलावे लागतील याचीही चर्चा आहे. ही पाने लिहिणाऱ्यांना इंजिन ठाऊक होते.

पैशाच्या पानावर मात्र आम्ही थबकलो. २०२०-२१ मध्ये भारताने निव्वळ १८५ दशलक्ष टन पेट्रोलियम आयात केले आणि त्याला ५५१ अब्ज डॉलर पडले, असे तेथे छापले आहे. शिक्षकाने फळ्यावर भागाकार मांडावा. टनाला २,९७८ डॉलर. एका टनात सुमारे ७.३ बॅरल, म्हणजे बॅरलला ४०० डॉलरच्या वर! त्या वर्षी भारताला कच्चे तेल सरासरी ४५ डॉलरच्या आसपास पडत होते. दशांशचिन्ह एक घर सरकले आहे, हे उघड आहे, आकडा ५५.१ अब्ज हवा. चूक छपाईची असेल, पण ती पुढे वर्तमानपत्रांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या टिपणांतून जशीच्या तशी फिरत राहिली. कोणी भागून पाहिले नाही. विशेष म्हणजे या चुकीने नुकसान अहवालाचेच होते. मिश्रणामुळे वर्षाला ४ अब्ज डॉलर वाचतील, हा त्याचा मुख्य दावा. ५५१ पैकी ४ म्हणजे पाऊण टक्कादेखील नाही. ५५ पैकी ४ म्हणजे सात टक्क्यांहून अधिक!

हे ४ अब्ज तरी कसे आले? इंधनासाठी वर्षाला १,०१६ कोटी लिटर इथेनॉल लागेल असे अहवाल म्हणतो. बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे सुमारे ६.४ कोटी बॅरल. लिटरला लिटर वाचतो असे धरले, तर ४ अब्जांसाठी बॅरलला ६३ डॉलर भाव पुरतो. उष्णतेला उष्णता धरली, तर इथेनॉलचा लिटर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश लिटराएवढाच. मग तेवढ्याच बचतीसाठी भाव ९५ डॉलरच्या आसपास लागेल. खरी बचत या दोन टोकांमध्ये कोठेतरी असणार, आणि रस्त्यावरच्या गाड्या किती जुन्या आहेत यावर ती ठरणार. इंजिनाच्या पानावर मायलेजची घट मान्य करायची आणि बचतीच्या पानावर एकच गोल आकडा द्यायचा, हे आम्हांला पटले नाही.

जाता जाता एक प्रयोग. तो शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावा. १०० मिलिलिटरच्या बूच असलेल्या मोजपात्रात २५ मिलिलिटर पाणी आणि २५ मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, हलकेच हलवून, वाफ सोडून, स्थिर ठेवावे. पेट्रोल वर, पाणी खाली. पण खालचा थर आता २५ वर न थांबता ३० च्या किंचित खाली दिसेल. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे गेले. वाढलेले ५ भागिले २५, म्हणजे २० टक्के. (थोडे इथेनॉल पेट्रोलमध्येच राहते आणि पाणी-इथेनॉल मिसळताना एकूण आकारमान थोडे आटते, म्हणून उत्तर जरा कमी येते.) पंपाच्या टाकीत पावसाचे पाणी शिरले तर काय होईल, हे सांगायला मग वेगळा तास लागत नाही. उरलेले द्रव मोरीत ओतू नये.

आता पाणी, म्हणजे नाशिककरांचा विषय. एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल होते, आणि किलोभर साखरेच्या उसाला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते. म्हणून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी, असे अहवाल स्वतःच सांगतो. दोन वाक्यांत विषय संपतो. पुढचा गुणाकार आपण करू. गाडीत ३० लिटर इंधन भरले तर त्यात ६ लिटर इथेनॉल. सगळे उसाच्या रसाचे असेल तर १७ हजार लिटर पाणी. अहवालाच्या १,०१६ कोटी लिटरांपैकी ५५० कोटी साखर उद्योगातून यायचे आहेत. २,८६० ने गुणले की सुमारे १,५७३ कोटी घनमीटर. आपल्या गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे १६ कोटी घनमीटर. जवळजवळ शंभर गंगापूर धरणे!

हा आकडा तसाच उचलून घोषणा करणेही बरोबर नाही. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून इथेनॉल केले, तर पाण्याचा खर्च साखरेच्या खात्यावर आधीच पडलेला असतो. शिवाय उसाच्या पाण्यात पावसाचाही वाटा आहे. पण रसापासून थेट इथेनॉल करताना ही सबब चालत नाही. अहवालाने रस, बी-हेवी आणि सी-हेवी यांचा पाण्याचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा होता. जायकवाडीसाठी गंगापूर-दारणेतून पाणी सोडण्यावरून ज्या जिल्ह्यात दर दुष्काळी वर्षी वाद पेटतो, तेथे तो फार कामाचा ठरला असता. आणि पाऊस कमी पडला तर? २०२३ साली तो कमी पडला, साखर घटण्याची चिन्हे दिसली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली. पुढे ती थोडी सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांनी त्या हंगामात काय करायचे, याचे उत्तर आराखड्यात नव्हते.

पाणी कमी लागते म्हणून मक्याकडे वळा, असा अहवालाचा सल्ला आहे. येवला-मालेगावच्या शेतकऱ्याला तो गोड वाटेल, भाव चढतो. एका टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल होते. धान्याच्या वाट्याचे ४६६ कोटी लिटर नुसत्या मक्यातून काढायचे, तर सव्वा कोटी टनांच्या आसपास मका हवा. २०२३-२४ मध्ये देशाचे सारे पीक सुमारे पावणेचार कोटी टन. तो मका आजवर मुख्यतः कोंबड्या खात होत्या. २०२४ साली भारताला मका बाहेरून आणावा लागला. तेलाची आयात कमी करायला निघालेल्या योजनेच्या हिशेबात ही आयात वजा करायला हवी.

अहवालात ग्राहकासाठी दोन चांगल्या गोष्टी होत्या. जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचे मिश्रण संरक्षक इंधन म्हणून चालू ठेवावे, ही एक. इथेनॉलमिश्रित इंधनाला करसवलत देऊन मायलेजची घट ग्राहकाला भरून द्यावी, ही दुसरी. वेळापत्रक पाळले गेले, अगदी मुदतीच्या आत. २०२५ मध्ये देश २० टक्क्यांवर पोहोचला. या दोन शिफारशी मात्र मागे राहिल्या. साध्या पंपावर जुन्या स्कूटरला दुसरा नळ नाही, आणि घटलेल्या मायलेजची सूट भावात उतरली नाही. निवडीचा हक्क मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. १९४८ सारखा कायदा असता तर निदान ते कलम दाखवून पंपावर विचारता आले असते. अहवालातली शिफारस दाखवून काही मागता येत नाही.